कृपया हात लावा

"व्हिडिओ गेमनं टीव्ही खराब होतो का हो?" हा प्रश्न मला आयुष्यात जितक्या जणांनी विचारला, तितक्या जणांनी माझी तब्येतसुद्धा विचारली नसेल. इंदुरात मी टीव्हीला जोडायचे व्हिडिओ गेम विकत असे. आता दुकान भाच्याच्या हवाली केलं आहे आणि गिऱ्हाईक समोर असताना मी तोंड उघडायचं नाही, असा त्याचा हुकूम आहे. मामा मालातली खोट गिऱ्हाइकाला आधीच सांगून टाकतो, ही त्याची तक्रार. तक्रार अगदी खरी आहे. ही खोड मला मिलमध्ये लागली आणि तिच्यापायी एकदा माझी एजन्सी जायची पाळी आली होती.

मी मूळचा कापड मिलचा माणूस. इलेक्ट्रिक खात्यात वायरमन होतो. मिल बंद झाली तेव्हा माझं वय बेचाळीस, म्हणजे नवी नोकरी मिळायला उशीर झालेला आणि घरी बसायला फार लवकर. बायको शाळेत शिकवायची म्हणून घर चालत राहिलं. पण रोज सकाळी ती डबा घेऊन निघतेय आणि मी दारात उभा राहून तिला 'सांभाळून जा' म्हणतोय, हे दृश्य छत्रीबागेतल्या आमच्या गल्लीनं दोन वर्षं पाहिलं. मिलमधले सोबती तोवर मिळेल त्या कामाला लागले होते. कुणी टेम्पो चालवत होता, कुणी पोह्याचा ठेला लावला होता. त्याच सुमारास घरोघरी रंगीत टीव्ही आणि केबल येऊ लागली, बाजारात रोज काहीतरी नवीन दिसू लागलं, आणि दिल्लीच्या एका कंपनीला व्हिडिओ गेमसाठी माळव्यात एजंट हवा होता. मला माल विकता येत नव्हता, पण उघडून दुरुस्त करता येत होता. कंपनीला तेवढं पुरलं. आमचे जुने फोरमन मात्र भेटले की म्हणायचे, "मुळे, तू बिजलीचा आदमी, आणि आता खिलौने विकतो?"

ज्यांनी ही वस्तू कधी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. एक चपटा डबा असतो, तो टीव्हीला जोडायचा. त्यात कॅसेट खोचायची. कॅसेट चालली नाही तर काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. या उपायाला शास्त्रीय आधार काय आहे ते मला वायरमन असूनही सांगता येणार नाही, पण गुण यायचा. डब्यातून दोन वायरी निघतात आणि त्यांच्या टोकाला बटणांचे हातात धरायचे दोन ठोकळे असतात. त्यांना आम्ही रिमोट म्हणायचो, वायर असली तरी. बटण दाबलं की टीव्हीतला माणूस पळतो, उड्या मारतो आणि खड्ड्यात पडून मरतो. त्याला तीन जीव दिलेले असतात. तिन्ही संपले की खेळ पहिल्यापासून.

आता ही चीज दुकानात बसून विकायची कशी? दुकानात येणारा माणूस घरून ठरवून येतो. ज्याला वस्तू काय आहे हेच ठाऊक नाही, तो ठरवणार काय? म्हणून दर हिवाळ्यात दहा दिवस भरणाऱ्या प्रदर्शनीत मी स्टॉल घ्यायचं ठरवलं. मोठं मैदान, पत्र्याच्या शेड, मिक्सरपासून लोणच्यापर्यंत सगळं. माझ्या एका बाजूला पापडवाल्या काकू आणि दुसऱ्या बाजूला सोफ्याचा पलंग करून दाखवणारा एक मनुष्य, जो दिवसातून पन्नासदा स्वतःच त्या पलंगावर आडवा व्हायचा. कंपनीनं काचेची कुलूपबंद पेटी पाठवली होती आणि सोबत पत्र: माल पेटीत ठेवावा, लोकांना हात लावू देऊ नये, एजंटाने स्वतः खेळून दाखवावे.

पहिला दिवसभर मी स्वतः खेळून दाखवलं. बेचाळीशी उलटलेला, अर्धं टक्कल पडलेला माणूस खुर्चीत एकटा बसून बटणं दाबतोय आणि दर दोन मिनिटांनी खड्ड्यात पडतोय. लोक बघायचे, हसायचे, पुढे जायचे. बायकोच्या शाळेतल्या एक बाई थांबल्या आणि हळूच म्हणाल्या, "घरी सगळं ठीक आहे ना?"

दुसऱ्या दिवशी चहाबरोबर खायला शेव आणायला गेलो. नमकीनवाल्यानं मी काही बोलायच्या आत माझ्या तळहातावर मूठभर शेव ओतली. आमच्या इंदुरात पावभर शेवसुद्धा कुणी चाखल्याशिवाय घेत नाही. तीन दुकानांत मूठ मूठ खाऊन, 'जरा तिखी है' असं तोंड करून लोक चौथ्या दुकानात घेतात आणि तिघांपैकी एकाही दुकानदाराला त्याचं काही वाटत नाही. चाखणारा आज ना उद्या घेईल, आणि नाही घेतलं तरी शेव तिखट झाली की नाही ते फुकटात कळतं. मी शेव खात परत आलो, काचेची पेटी आडवी पाडून तिचं टेबल केलं, वर दोन टीव्ही मांडले आणि पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: कृपया हात लगाएँ. सगळ्या मैदानात असा हा एकच बोर्ड होता.

तासाभरात रांग लागली. रांगेसाठी मी शिट्टी आणली आणि नियम केला की तीन जीव संपले किंवा शिट्टी वाजली, की उठायचं. यात एक गंमत व्हायची. रांगेत पोरं असायची तसे पोरांना घेऊन आलेले मिलवालेही असायचे. पोरं शिट्टी वाजली तरी 'भिया, बस एक मिनट' करत खुर्चीला चिकटून राहायची, आणि मिलवाले शिट्टी वाजताच, माणूस हवेत उडी मारत असला तरी, रिमोट ठेवून सरळ उभे राहायचे.

सगळ्यात जास्त वेळ आयांच्या शंका फेडण्यात जायचा. टीव्ही नवा, हप्त्यावर घेतलेला, आणि गेमनं त्याची पिक्चर ट्यूब जाते अशी बातमी घरोघर पसरलेली. मी त्यांना वाद घालून कधी पटवलं नाही. "सकाळपासून चालू आहे, बघा," एवढंच म्हणायचो. मग त्या टीव्हीच्या मागे जाऊन, ताप बघतात तसा उलटा हात लावून बघायच्या. एक मावशी तर चार दिवस रोज येऊन टीव्हीचा ताप बघून गेल्या आणि पाचव्या दिवशी नवऱ्याला घेऊन आल्या. दुकानात बसून हे कसं जमलं असतं?

इंदूरजवळच्या देपालपूरचे एक धान्याचे व्यापारी होते. धोतर, टोपी, बोटांत अंगठ्या. पूर्ण खेळ शांतपणे पाहून त्यांनी विचारलं, "इसमें ट्रैक्टर वाला है क्या?" नाही म्हटलं, तर म्हणाले, "फिर हमारे यहाँ कौन खेलेगा?" मी हसण्यावारी नेलं, पण पुढे लक्षात आलं की खेडेगावातून येणारा दर दुसरा माणूस गाडी चालवायचा खेळ मागतो आणि मारामारीचे खेळ परत करतो. ही अक्कल मला दिल्लीच्या एकाही पत्रानं दिली नव्हती.

आणि एक निवृत्त गणिताचे मास्तर. आमच्या एका कॅसेटवर छापलेलं असायचं की आत नऊशे नव्याण्णव खेळ आहेत. मास्तर रोज येत, रांगेत उभे राहत, आपली पाळी आली की खेळ न खेळता नुसती यादी उतरवून घेत. पाचव्या दिवशी त्यांनी निकाल जाहीर केला. "मुळे, खेळ फक्त अकरा आहेत. बाराव्यापासून तेच अकरा, फक्त माणसाच्या शर्टाचा रंग बदललाय." मला हे माहीत होतं. तरी कान लाल झाले.

तेव्हाच मी ती गोष्ट केली, जी कुठल्याही शहाण्या दुकानदारानं केली नसती. आमच्या मिलमध्ये प्रत्येक मशीनला एक पुठ्ठ्याचं कार्ड टांगलेलं असे. मशीनवर बसणाऱ्यानं बिघाड त्यावर लिहायचा आणि दुरुस्त करणाऱ्यानं खाली सही करायची. ते कार्ड येणाऱ्या-जाणाऱ्या कुणालाही वाचता यायचं आणि त्यात कुणाला लाज वाटायची नाही. मी दोन्ही टीव्हींच्या बाजूला खिळे ठोकले आणि कार्डं लटकवली, रोज नवी. मास्तरांनी पहिलं वाक्य लिहिलं, 'लेबल खोटे आहे.' खाली कुणी लिहिलं, 'आवाज बहुत है, म्हातारी मां को चक्कर आते हैं.' पापडवाल्या काकूंनी लिहून घेतलं की हेच एक गाणं दिवसभर ऐकून त्यांच्या डोक्यात पापड लाटले जातायत.

पण सगळ्यात जास्त कार्डं भरली वत्सलाबाईंनी. पन्नाशीच्या, कोरडं हसणाऱ्या, पदर खोचून रांगेत उभ्या राहणाऱ्या. आमच्याच मिलच्या रीलिंग खात्यात, म्हणजे सुताच्या लडी गुंडाळायच्या खात्यात, त्यांनी वीसेक वर्षं काढली होती. मिलमध्ये असताना मी त्यांच्या मशीनची मोटर दोन-चारदा पाहिली असेल, ओळख तेवढीच. त्या दुपारी बाराला येत आणि चारला जात. खेळात त्यांना कुणी हरवू शकत नसे. बोटं इतकी सरावाची की पोरं आपली पाळी सोडून त्यांचे हात बघत उभी राहायची. दर पाळीनंतर त्या कार्डावर काहीतरी लिहायच्या, आणि रोज शेवटी एकच ओळ असायची: 'उजवा रिमोट. वायर मानेपाशी तुटते. आत गाठ नाही.'

वायर रोज तुटायची, ठोकळ्यात शिरते तिथेच, हे खरं; एकट्याचा खेळ उजव्या रिमोटवरच चालायचा. मी रोज कथलाचा डाग देऊन जोडायचो. घरी बायकोला म्हणालो, "ही बाई पक्की गिऱ्हाईक आहे. शेवटच्या दिवशी घेणार बघ."

आठव्या दिवशी दिल्लीहून विक्रीचे मोठे साहेब आले, खुराना. ते का येणार हे मला आधीच पत्रानं कळलं होतं. माळव्याची एजन्सी माझ्याकडे ठेवायची की टीव्हीच्या एका मोठ्या शोरूमला द्यायची, ते या प्रदर्शनीवरून ठरणार होतं. मिल गेली तेव्हा हजारो जणांची गेली होती, त्यात लपायला जागा होती. एजन्सी गेली असती तर ती माझ्या एकट्याची गेली असती, आणि पुन्हा मी दारात उभा राहून 'सांभाळून जा' म्हणणार.

खुरानासाहेबांनी आधी आडवी पडलेली काचेची पेटी पाहिली, मग बोर्ड पाहिला, मग गर्दी पाहिली. "भीड़ तो बहुत है मुळेजी. इनमें ग्राहक कौन है?"

मी म्हटलं, "साहब, आज जो खेल रहा है वो कल—"

"कल तो कंपनी भी बंद हो सकती है," ते म्हणाले आणि तेवढ्यात त्यांची नजर कार्डांवर गेली. त्यांनी एक कार्ड खिळ्यावरून काढून पूर्ण वाचलं. "अपने माल की बुराई आपने खुद टाँग रखी है?"

"मिल में ऐसे ही होता था, साहब."

"मिल तो बंद हो गई ना, मुळेजी."

मी दोन्ही कार्डं उतरवून टेबलाखाली ठेवली. घाबरलो होतो, दुसरं काही नाही.

बाराला वत्सलाबाई आल्या. पाळी खेळल्या, उठल्या आणि रिकाम्या खिळ्याकडे पाहून म्हणाल्या, "कार्ड कुठंय?"

"साहेबांनी काढायला लावलं."

"मग बिघाड कुणाला सांगायचा?"

मी वैतागलेलो होतो. खुर्चीवर बसलेल्या खुरानासाहेबांकडे बोट दाखवून म्हणालो, "त्यांना सांगा."

ते मी रागानं म्हटलं होतं. पण मिलच्या माणसाला बिघाड कुठे नोंदवायचा हे एकदा सांगितलं, की तो नियम झाला. वत्सलाबाई सरळ साहेबांसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "साहब, उजवा रिमोट. वायर मानेपाशी टूटता है." आणि बाजूला झाल्या. त्यांच्यामागे खेळून उठलेला टेम्पोवाला, त्यालाही वाटलं पद्धत अशीच आहे. तोही साहेबांपाशी गेला. "साब, वो तीसरे खेल में आदमी दीवार में घुस जाता है, फिर निकलता नी." मग रांगच लागली. खेळायची एक रांग आणि साहेबांना सांगायची दुसरी. सोफ्याचा पलंग करणारा मनुष्य कधी खेळला नव्हता, पण तोही येऊन सांगून गेला की डब्याचा रंग उदास आहे. मास्तर तर अकरा खेळांची यादी सुवाच्य अक्षरात लिहूनच घेऊन आले आणि साहेबांना ती पाठ होईपर्यंत समजावली.

तीन वाजता खुरानासाहेब रुमालानं कपाळ पुसत माझ्याकडे आले. "मुळेजी, वो कार्ड वापस टाँग दीजिए. मेरे कान दुख रहे हैं."

मी कार्डं काढून दिली. ती टांगायच्या आधी त्यांनी बसून सगळी वाचली, जुनीही. वत्सलाबाईंची ती एकच ओळ तीन दिवसांच्या तीन कार्डांवर पाहून त्यांनी त्यांना बोलावलं. "देखिए बहनजी, हमारे इंजीनियर ने ये बटन हज़ारों बार दबाके टेस्ट किया है. कुछ नहीं टूटा."

"टेबल पे रखके दबाया होगा," वत्सलाबाई म्हणाल्या. मग त्यांनी रांगेकडे हात केला. "लोकांचे हात देखो ना. टीवी मत देखो."

साहेबांनी पाहिलं. मीही पहिल्यांदाच नीट पाहिलं. टीव्हीतला माणूस उडी मारायचा तेव्हा खेळणाऱ्याचे हातही रिमोटसकट वर जायचे. सगळ्यांचे, लहानांचे आणि मोठ्यांचे. वायर दर उडीला मानेपाशी ओढली जात होती. सूत तुटायला नको म्हणून रिळावर ढील ठेवायची, हे वत्सलाबाईंच्या खात्यात पहिल्या दिवशी शिकवत. तसं या ठोकळ्याच्या आत वायरला गाठ मारून ढील ठेवली असती, तर ताण गाठीवर आला असता. दिल्लीच्या इंजिनिअरला हे दिसलंच नसतं, कारण शहाणा माणूस टेबलाशी एकटा बसून खेळतो तेव्हा हात वर करत नाही.

"मैं तो ऐसे नहीं खेलूँगा," साहेब म्हणाले.

रांगेनं त्यांना प्रेमानं जागा करून दिली. पहिल्या दोन जीवांना त्यांनी हात मांडीवर घट्ट दाबून धरले. तिसऱ्या जीवाला माणूस मोठ्या खड्ड्यापाशी आला आणि खुरानासाहेब अर्धे खुर्चीतून उठले, रिमोट खांद्याच्या वर गेला, आणि उजव्या रिमोटची वायर मानेपाशी तुटून त्यांच्या हातात आली. मैदानात इतकं मोठं हसू मी तरी ऐकलेलं नाही. साहेब स्वतः हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, "दूसरा रिमोट लाइए." मागून एक पोरगी म्हणाली, "अंकल, नंबर से." आणि कंपनीचे मोठे साहेब उठून रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले.

शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथमधून दिल्लीला फोन लावला, बराच वेळ बोलले आणि परत येऊन माझा हात हातात घेतला. एजन्सी माझ्याकडेच राहणार होती. स्टॉल दरवर्षी लागणार होता, खर्च कंपनीचा, आणि प्रत्येक नवा माल बाजारात यायच्या आधी इंदूरला येणार होता. "भीड़ में ग्राहक ढूँढ रहा था मैं," ते म्हणाले. "बस एक बात पूछ लीजिए. इंजीनियर जानना चाहता है, बहनजी घर में कौन से टीवी पर खेलती हैं."

मी हवेतच वत्सलाबाईंकडे गेलो. त्या खेळून उठल्या होत्या, कार्डावर लिहीत होत्या. मी सगळी खुशखबर सांगितली आणि म्हटलं, "कंपनीकडून तुम्हाला एक संच भेट देऊ. घरी टीव्ही कोणता आहे?"

त्या हसल्या. "टीव्ही कुठंय घरी? मिल बंद झाली तेव्हाच विकला."

मला वाटलं त्या गंमत करतायत. मी विचारलं, "मग रोज चार तास रांगेत उभं राहून हा खेळ..."

"खेळाचं काय घेऊन बसलात मुळे साहेब. दोन वर्षं हाताला मशीन नव्हतं."

त्या एवढंच बोलल्या आणि कार्ड खिळ्याला नीट अडकवू लागल्या. मी इतके दिवस त्यांच्याकडे पक्की गिऱ्हाईक म्हणून पाहिलं होतं. त्यांची ओळ रोज वाचली, रोज डाग दिला, आणि एकाच मिलमधून बाहेर पडलेल्या या बाईला एका शब्दानं विचारलं नव्हतं की तुमचं पुढे काय झालं. माझी मला फार लाज वाटली. दुकानात मागच्या खोलीत दुरुस्तीला आलेल्या रिमोटांचा ढीग पडलेला होता, आणि ही गोष्ट सुचायला मला दहा दिवस लागले.

"वत्सलाबाई," मी म्हटलं, "उद्यापासून दुकानात याल का? रिमोट दुरुस्तीला?"

त्यांनी पेन बंद केलं. पगार विचारला नाही, काम काय तेही विचारलं नाही. पदर खोचत म्हणाल्या, "शिफ्ट कोणती?"